दाव्याची तारीख

दर्शना तोडणकरचा नवरा पनवेलला चहा प्यायला उतरला, त्याला या फेब्रुवारीत दहा वर्षं झाली.

निलेश बोटीवर कामाला होता. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत नऊ महिने, मग तीन महिने घरी, असं त्याचं वर्ष चालायचं. दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत सुट्टी संपवून तो सकाळच्या एसटीनं रत्नागिरीहून मुंबईला निघाला. दुसऱ्या दिवशी एजंटच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "पनवेलला उतरलोय. चहा घेतो नि पुढची गाडी धरतो. आरोहीनं गृहपाठ केला काय?"

आरोही तेव्हा नऊ वर्षांची. "करतेय," दर्शना म्हणाली. "पोचलात की फोन करा."

तो फोन आला नाही. निलेश एजंटकडे गेला नाही, जहाजावर चढला नाही, कुठल्या दवाखान्यात सापडला नाही. चौथ्या दिवशी दर्शना दिराला घेऊन पनवेलला गेली. स्टँडवरच्या चहावाल्यानं फोटो हातात घेतला, नीट बघितला आणि परत दिला. "ताई, असे रोज हजार येतात."

पोलिसांत बेपत्ता झाल्याची नोंद झाली. गावात लोक आधी रोज विचारायचे, मग सणासुदीला, मग कोणी विचारेना. पावसजवळच्या त्या लहानशा वाडीत तीन बायका राहिल्या: दर्शना, आरोही आणि निलेशची आई मथुरा. दर्शना काजूच्या फॅक्टरीत जाऊ लागली. बिया फोडून फोडून टरफलाच्या चिकानं तिची बोटं काळी पडली. पुढं पुढं अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या की रेशन दुकानातलं मशीन तिचा ठसा घेईना. म्हणून रेशन आणायला मथुरा जायची. कार्डावर चार नावं होती. निलेशच्या वाटचे तांदूळ दर महिन्याला यायचे, आणि मथुरा ते वेगळ्या डब्यात ओतायची. संपायचे सगळ्यांच्याच ताटात, पण डबा वेगळा.

दर्शना त्याचा नंबर लावत राहिली. पहिलं वर्षभर फोन बंद होता. मग "हा नंबर अस्तित्वात नाही" असं सांगणारी बाई बोलू लागली. तिचा आवाज दर्शनाला पाठ झाला. चौथ्या वर्षी एका दुपारी फॅक्टरीत डबा खाताना तिनं सवयीनं नंबर लावला आणि पलीकडे रिंग वाजली.

ती उभी राहिली. डबा सांडला. चार रिंगा झाल्या आणि एका बाईनं फोन उचलला. हेल सोलापूरकडचा. "कोण पाहिजे?"

कंपनीनं तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. पण दर्शनाच्या मोबाईलमध्ये तो अजून "हे" या नावानंच होता. आता "हे" व्हॉट्सॲपवर दिसू लागले. नावाखाली ट्रॅक्टरशेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा फोटो. कधी बाळाचं बारसं, कधी उसाचा फड. रात्री अकराला "हे" ऑनलाइन असायचे. दर्शनानं तो नंबर पुसला नाही. अधूनमधून उघडून बघायची, आणि बघितल्यावर दोन दिवस तिला जेवण जायचं नाही.

तिनं कोर्टात जायचं ठरवलं ते आरोहीसाठी. पोरीला नर्सिंगला जायचं होतं. निलेशनं बँकेत ठेवलेली मुदत ठेव एकट्याच्या नावावर होती, वारस लावलेला नव्हता. बँकेतल्या साहेबांनी चांगल्या शब्दांत सांगितलं, "एकतर त्यांची सही आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला." सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कोर्ट धरू शकतं, हे तिला तिथंच कळलं.

पहिला वकील कुणीतरी ओळखीतून सांगितला होता. माणूस बोलायला गोड. "वहिनी, काळजी सोडा," असं म्हणायचा. दर वेळी "खर्चाला थोडे ठेवून जा" म्हणायचा आणि दर वेळी पुढची तारीख पडलेली असायची. पावती मागायची दर्शनाला लाज वाटायची. आपण आपल्या माणसाच्या मरणाचा कागद करायला आलोय, त्यात घासाघीस काय करायची, असं तिला वाटे. दीड वर्षात बेचाळीस हजार गेले.

एक दिवस आरोहीनं विचारलं, "आई, केसचा नंबर काय?"

"नंबर?"

"केस लावली की नंबर मिळतो. मोबाईलवर बघता येतं पुढची तारीख कधी ते." आरोहीनं वडिलांचं नाव टाकलं, आईचं नाव टाकलं, वर्ष बदलून बघितलं. काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दर्शना कामावर खाडा करून रत्नागिरीला कोर्टात गेली आणि खिडकीवर विचारलं. तिथल्या बाईनं रजिस्टरात शोधलं. तोडणकरांचा असा दावा कधी दाखलच झाला नव्हता.

दर्शनाला राग यायला हवा होता. राग नंतर आला. त्या खिडकीसमोर तिला आधी हलकं वाटलं. तो अजून मेला नव्हता.

दमयंती सरफरे यांच्याकडे ती गेली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. जयस्तंभाजवळ एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत पेन उचलायच्या नाहीत. दर्शनानं पहिल्या वकिलाचं सांगितलं. पिशवीतले सगळे कागद काढून टेबलावर ठेवायला लागली तेव्हा सरफरेबाईंनी हात आडवा केला.

"थांबा. हे माझ्या टेबलावर ओतलंत तर लावायला माझ्या कारकुनाचे दोन दिवस जातील. ते दोन दिवस तुमच्या बिलात येतील. घरी न्या, तारखेप्रमाणे लावा, आणि एका पानावर लिहून आणा. कधी, कुठं, कोणी बघितलं, कोणी काय सांगितलं, एवढंच. नवस, देवदेवस्की काही नको."

"फी किती घेणार मॅडम?" या वेळी दर्शनानं आधीच विचारलं.

"ते सांगतेच. पण त्याआधी एक सांगायला हवं. बाईमाणसाला सरकारकडून फुकट वकील मिळतो. इथंच कोर्टात त्यांचं ऑफिस आहे. तिथं जाऊन बघा."

दर्शनानं मान हलवली. "एकदा सगळं सांगितलं तुम्हाला. परत दुसऱ्या कुणाला नाय सांगता येणार. तुम्हीच करा. पण आकडा आधी बोला."

सरफरेबाईंनी एका कागदावर लिहून दिलं. चोवीस हजार, तीन टप्प्यांत: दावा दाखल झाल्यावर, साक्षी झाल्यावर, निकालाची नक्कल हातात आल्यावर. कोर्टाची फी आणि पेपरातली नोटीस वेगळी, पावतीप्रमाणे. खाली सही केली. "कामात मधेच काही नवीन उपटलं तर आधी तुम्हाला विचारीन, मग करीन. आणि उठसूट फोन करू नका. शंका वहीत लिहून ठेवा, शनिवारी एकदम विचारा. जे काम तुम्ही करू शकता ते तुम्हीच करा. पोलिसांचा दाखला, एजंटचं पत्र, फोन कंपनीचं पत्र. माझा माणूस पाठवला तर त्याचं भाडं, भत्ता तुमच्या अंगावर."

दर्शनाला हिशेब पटला. फक्त त्या हिशेबात काय काय येतं ते तिला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी तिनं ओटीवर कागद मांडले. पासपोर्टची झेरॉक्स, बोटीवरचं ओळखपत्र, लग्नपत्रिका, पोलिसांची नोंद, त्यानं दुबईहून पाठवलेलं पार्सल सोडवल्याची पावती. तारखेप्रमाणे लावायला घेतल्यावर एकेक करून तो परत येऊ लागला. सगळ्यात खाली लग्न, त्यावर आरोहीचा जन्म, त्यावर घराच्या लाद्यांचं बिल. सगळ्यात वर त्या दिवशीचं एसटीचं आरक्षण. त्यावर ठेवायला काहीच नव्हतं. मथुरा दारातून बघत होती.

"काय मांडलंस?"

"कागद लावतेय, आई."

"निलूचे?"

दर्शना हो म्हणाली. मथुरा आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

ते एक पान दर्शनानं चार वेळा लिहिलं. चौथ्या वेळी एक वाक्य आत आलं, जे तिनं नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. जायच्या दिवशी सकाळी निलेश चप्पल घालता घालता थांबला होता. म्हणाला होता, "या वेळी नको वाटतंय जायला." आणि ती म्हणाली होती, "लाद्यांचे पैसे कोण देणार मग?" ती हसत म्हणाली होती. तोही हसला होता. तिनंच त्याची बॅग उचलून रस्त्यापर्यंत नेली होती.

सरफरेबाईंनी ते पान वाचलं. त्या वाक्यावर बोट ठेवलं. "ते मुद्दाम निघून गेले असतील, असं वाटतं तुम्हाला?"

"माहीत नाय."

"कोर्टात कोणी विचारलं तर हेच सांगायचं. माहीत नाही. हे दाव्यात घालणार नाही मी. पण मला सांगितलंत ते बरं केलंत. अशी गोष्ट मधेच दुसऱ्या कुणाच्या तोंडून बाहेर आली की वर्ष-दोन वर्षं जातात."

दर्शना जिना उतरून खाली आली, आणि पायरीवर बसून राहिली. तिला वाटलं होतं, हे सांगितल्यावर समोरची बाई काहीतरी बोलेल. तुमची चूक नव्हती म्हणेल, किंवा होती म्हणेल. त्या यातलं काहीच बोलल्या नाहीत. कामाचं तेवढं घेतलं आणि बाकीचं तिच्याकडेच परत दिलं.

पोलिसांच्या दाखल्यासाठी ती स्वतः गेली. "अद्याप शोध लागलेला नाही" एवढी एक ओळ हवी होती. तिथला हवालदार समजूतदार होता. म्हणाला, "ताई, दाखला देण्याआधी एकदा हे बघून घ्यावं लागेल," आणि त्यानं कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. बेवारस सापडलेल्या पुरुषांचे फोटो. रेल्वेच्या रुळांजवळचे, खाडीतले, फुटपाथवरचे. चाळीस ते पन्नास वय, उंची अमुक, अंगावर निळा शर्ट. एकेक फोटो पुढं सरकत होता. दर्शनाला वाटलं होतं, आपण डोळे मिटू. पण ती प्रत्येकाकडे नीट बघत होती. हातांकडे बघत होती, कारण निलेशच्या डाव्या हाताचं एक बोट इंजिनात सापडून चपटं झालेलं. काही फोटोंना हात दिसतच नव्हते.

"यातलं कोणी?"

"नाय."

सरफरेबाईंचा माणूस गेला असता तर दोन हजार लागले असते आणि हे फोटो त्यानं बघितले असते. दोन हजार वाचले. पण ते चेहरे तिच्याबरोबर घरी आले. बी फोडताना, भात ओतताना, कुठलातरी एक वर यायचा. त्यांनाही घरी कोणी असेल, ते घरचेही कुठंतरी नंबर लावत असतील, हे तिच्या डोक्यातून जाईना.

डिसेंबर अखेर सगळं तयार झालं. त्या शनिवारी सरफरेबाईंनी टाइप केलेला दावा वाचून दाखवला आणि पेन खाली ठेवलं.

"एक गोष्ट आहे, दर्शनाताई. ते कधी गेले ते कुणालाच माहीत नाही. अशा वेळी कोर्ट मृत्यूची तारीख बहुतेक दावा दाखल केल्याची धरतं. म्हणजे आपण ज्या दिवशी दाखल करू, त्या दिवसाचा दाखला मिळेल."

दर्शनाला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे कोणता दिवस ते मी सांगायचं?"

"सोमवारी करूया म्हणत होते मी."

"सोमवार नको." सोमवारी निलेशचा उपास असायचा.

मग ती तीन आठवडे येतच राहिली आणि जातच राहिली. मंगळवार नको, मथुरेचा गणपतीचा वार. तीस तारखेला अमावास्या. नवीन वर्षाचा पहिला दिवस नको. नऊ जानेवारी निलेशच्या वाढदिवसाची. संक्रांत नको, किंक्रांत तर नकोच. सरफरेबाई एकदा म्हणाल्या, "प्रतिज्ञापत्रावरची तारीख जुनी झाली तर परत करावं लागेल. परत टायपिंग, परत तुमचा खाडा." त्यांचा आवाज चढला नव्हता. घरी दर्शना भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभी राहिली. गुरुवार, सोळा तारखेच्या चौकोनात काही नव्हतं. सण नाही, उपास नाही, कुणाचा वाढदिवस नाही. तिनं तो दिवस ठरवला.

सोळा जानेवारीला सकाळी साडेअकराला तिनं सही केली. दावा दाखल झाला, नंबर मिळाला. आरोहीनं मोबाईलवर बघितलं. या वेळी नाव दिसलं. संध्याकाळी शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. दर्शनाला बोलावणं होतं, दर वर्षी असायचं. ती गेली. शेजारणीनं तिला कुंकू लावलं, ओटी भरली, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. "निलूभाऊजी येतील गो एक दिवस," शेजारीण म्हणाली. दर्शना हो म्हणाली. घरी येऊन तिनं ती वाटी फडताळात मागं सारली आणि परत कधी वापरली नाही.

मथुरेला समन्स आलं ते फेब्रुवारीत. निलेशची वारस म्हणून कागदावर तिचं नाव प्रतिवादीत होतं. दर्शनानं आधी सांगितलेलं होतं, पण सांगणं वेगळं आणि पोस्टमननं हातात कागद देणं वेगळं. दीर मुंबईहून फोनवर म्हणाला, "आये, तू सही करू नको. आपण आपला वकील लावू." मथुरेनं सुनेशी बोलणं टाकलं. चुलीवरचा चहा उतरवून ठेवायची, पण हाक मारायची नाही.

शनिवारी दर्शनानं वहीतला एकच प्रश्न विचारला, "आई विरोधात गेल्या तर?"

"तर उलटतपासणी, साक्षीदार, त्यांचा वकील, तुमचा वकील. तीन वर्षं धरा. आणि माझा हा फीचा कागद बदलावा लागेल." सरफरेबाईंनी डायरी उघडली. "घेऊन या त्यांना. अर्धा तास. त्याचे पैसे लावणार नाही."

मथुरा आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, खुर्चीच्या कडेवर बसली. काही विचारण्याआधीच म्हणाली, "मी माज्या पोराला मारायची नाय. कोन काय बी बोला."

"आजी, मी सुनेची वकील आहे, तुमची नाही. हे आधी सांगते. तुम्हाला वाटलं तर दुसऱ्या वकिलाला विचारा. पण तो मेला असं तुम्हाला कोणीच म्हणायला सांगत नाही. तुमची सूनही म्हणालेली नाही. वाचून दाखवू?" त्यांनी सावकाश वाचलं. सात वर्षांहून अधिक काळ, ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती अशा कोणालाही ती लागलेली नाही. "आजी, हे खरं की खोटं?"

मथुरा बराच वेळ पिशवीचे बंद चाळवत राहिली.

"खरा हाय."

"एवढंच सांगायचं."

"मग तो नाय असा कोन बोलनार?"

"कोर्ट. ते कोर्टाच्या डोक्यावर."

"आनि उद्या आला तर?"

"तर हा निकाल रद्द होतो. अर्ज मी लिहीन. त्याची फी घेणार नाही, हेही लिहून देते हवं तर."

मथुरेनं मान हलवली. लिहून मागितलं नाही.

साक्ष जुलैत झाली. दर्शनाची दहा मिनिटांत आटोपली. काही विचारलं नाही कोणी. मग न्यायाधीशांनी मथुरेला बोलावलं. तरुण होते. "आजी, बसून बोला," म्हणाले. "मुलाकडून इतक्या वर्षांत काही कळलं का?"

मथुरा म्हणाली, "आवाज येतो."

सरफरेबाई उठल्या नाहीत, पण त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली. दर्शनाला वाटलं, आता सगळं परत पहिल्यापासून. आणि त्याच क्षणी, खोल कुठंतरी, तिला सासूच्या तोंडून पुढचं ऐकायचं होतं.

"कुणाचा आवाज, आजी?"

"त्याचाच. पहाटे पडवीत. चप्पल काढल्यासारा. मग आये म्हनतो. मी उठून बघते तर नसतो." मथुरेनं डोळे पुसले नाहीत. "पन तो कोर्टात सांगन्यासारा नाय. माजा मलाच येतो."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, "फोन? पत्र? कोणाकडून निरोप?"

"नाय. सात वर्सां नाय, नव वर्सां झाली. एक शब्द नाय."

त्यांनी तेवढं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर दर्शनानं विचारलं, "आई, मला कधी सांगितलं नाय तुम्ही?"

"तुला येत नाय?" मथुरेनं विचारलं.

दर्शनाला येत होता. चपलेचा नव्हे, फोनचा. रिंग वाजायच्या आधी मोबाईल जरासा थरथरतो ना, तसं. तिनं मथुरेच्या हातातली पिशवी घेतली आणि स्टँडकडे चालू लागली.

निकाल ऑक्टोबरात लागला. नक्कल देताना सरफरेबाईंनी हिशेबाचा कागद दिला. नोटिशीच्या आगाऊ रकमेतले सहाशे दहा रुपये उरले होते, ते पाकिटात घालून परत केले. चोवीस हजारांवर एक रुपया वाढला नव्हता. दर्शनाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण पडली नाही, हात जोडले. "पहिल्यापासून तुमच्याकडेच यायला हवं होतं."

"पहिल्यापासून विचारायला हवं होतं. कुणाकडेही गेला असतात तरी," सरफरेबाई म्हणाल्या.

घरी मथुरेनं निकाल वाचून घेतला, आरोहीकडून. तारखेशी आल्यावर आरोही अडखळली. सोळा जानेवारी दोन हजार पंचवीस.

"ह्या वर्सीची संक्रांत?" मथुरेनं विचारलं. "तिळगूळ झाले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिशी?"

"हो."

"तवा तू शेजारी हळदीकुंकवाला गेलंवतंस."

"हो, आई."

"तारीख कोनी ठरवली?"

आरोही आईकडे बघायला लागली. दर्शना म्हणाली, "मी."

मथुरा भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "दुसरी नव्हती गो?"

"कॅलेंडरात तीच मोकळी होती."

मथुरेनं मान डोलावली. एखादीनं बाजारात चांगले मासे संपले म्हणून हलके आणले आणि ते पटलं, तशी. मग उठून आत गेली. त्या दिवसापासून ती सुनेशी परत बोलू लागली, पूर्वीपेक्षा जास्तच. दोन दिवस तिनं दर्शनाला पाणीसुद्धा भरू दिलं नाही.

बँकेनं दीड महिन्यात ठेव मोकळी केली. आरोही नर्सिंगला गेली. पुढं कार्डावरचं नाव कमी झालं आणि तांदूळही कमी आले. मथुरेनं तो डबा घासून उन्हात ठेवला आणि त्यात कुळीथ भरले. भटजींनी विचारलं, विधी कोणत्या तिथीला करायचा? दर्शनानं कागदावरचीच तारीख सांगितली. दुसरी तिच्याकडे नव्हती.

फॅक्टरीतल्या बायका हल्ली तिच्याकडे येतात. कुणाचा जमिनीचा वाद, कुणाची सोडचिठ्ठी. ती मोठी शहाणी झालीय असं त्यांना वाटतं. दर्शना फार बोलत नाही. "केस नंबर विचार," म्हणते. "आकडा लिहून घे. पावती घे. घरातल्या माणसाशी आधी बोल, मग वकिलाशी." कधी एखादीबरोबर कोर्टातही जाते. तिथली खिडकी तिला माहीत आहे.

या जानेवारीत ती अशीच एकीला घेऊन रत्नागिरीला गेली होती. परतताना ती बाई भाट्याला माहेरी उतरली आणि दर्शना एकटीच मागच्या सीटवर राहिली. गाडी पुढं निघाली तेव्हा तिचं लक्ष समोर गेलं. चार सीट पुढं एक माणूस बसला होता. मान जरा डावीकडे झुकलेली, कानामागं पांढरे केस. शर्टाची कॉलर मागून दुमडलेली. निलेश कॉलर कधीच नीट करायचा नाही.

पर्समध्ये मृत्यूच्या दाखल्याची लॅमिनेट केलेली प्रत होती. तिला ती आठवली. ती तरीही उठली. गाडी वळणावर झुकत होती, ती एकेका सीटचा दांडा धरत पुढं गेली आणि त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं. रापलेला, पन्नाशीचा, कुणीतरी कोळी माणूस. मांडीवर जाळ्याचं सूत.

"बसता काय, ताई?" त्यानं पिशवी उचलून जागा केली.

"नाय. उतरायचंय."

तिचा थांबा अजून लांब होता. पण आता परत मागं जाऊन बसायचं तिला जमेना. तिनं घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली आणि ती उतरली. दोन्ही बाजूंना सुरूची झाडं होती आणि रस्ता रिकामा होता. पदर खांद्यावर घट्ट घेऊन ती घराच्या दिशेनं चालू लागली.